तिसगावपर्यंतचा गहू

गव्हाच्या भुसाला वास असतो हे माझ्या सुनेला पटत नाही. ती पुण्यात वाढलेली. यंदा फाल्गुन सरता सरता पंजाबातून आलेलं हार्वेस्टर आमच्या वावरात शिरलं आणि घरातली जेवणं उरकेपर्यंत सगळा गहू ट्रॉलीत येऊन पडला. मी ओट्यावर बसले होते. पश्चिमेचा वारा सुटला होता. भुसाचा एक झोत अंगावर आला आणि मी डोळे मिटून घेतले. सून म्हणाली, "आई, आत चला, धूळ येतेय." मी म्हटलं, "धूळ नाही गं, भूस आहे. वास घेऊन बघ." तिनं घेतला, शिंकली आणि आत गेली.

मी तिथंच बसून राहिले. त्या वासात वाळलेलं गवत असतं, तापलेली माती असते आणि माझ्यापुरतं म्हणाल तर थोडं डिझेल असतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या वर्षीचा अख्खा चैत्र मी या वासात काढला. आम्ही दोघं नवराबायको, एक लाल ट्रॅक्टर आणि त्याला मागं जोडलेलं मळणीचं मशीन. सोनईजवळच्या आमच्या वस्तीवरून निघालो ते तिसगावपर्यंत गेलो. वाटेत ज्याचा गहू कापून पडला असेल त्याच्या खळ्यावर थांबायचं, मळून द्यायचा, पुढं निघायचं. लोक लग्नानंतर कुठं कुठं फिरायला जातात. आमचं फिरणं ते.

ह्यांचं नाव रंगनाथ. तेव्हा मी ते कधी तोंडानं घेतलं नाही, आता लिहिताना घेते. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण आमची दोघांची अशी बोलाचाली फारशी झालेली नव्हती. भरल्या घरात ती व्हायची कुठं? दिवसभर हे वावरात आणि मी चुलीशी. चारचौघांत नवऱ्याशी बोलणं बरं दिसत नसे, आणि चारचौघांशिवायची जागा घरात नव्हती. हे भात जास्त खातात आणि चहाला गूळच लागतो, एवढीच मला ह्यांची माहिती.

मशीन आमच्या भागात तेव्हा नवीन होतं. गहू बैलांच्या पायाखाली मळायचा आणि सुपानं वाऱ्यावर उफणायचा, ही रीत. ह्यांनी आदल्या वर्षी एक हंगाम मशीन फिरवलं होतं. पण बरोबर असायचा तो गडी नेमका साखर कारखान्यात लागला आणि दुसरा भरवशाचा माणूस मिळेना. मशीनवर एकट्यानं भागत नाही. एकानं पेंढ्या सारायच्या, दुसऱ्यानं ट्रॅक्टरवरून मशीन फिरवणाऱ्या पट्ट्यावर, इंजिनावर, पोत्यावर नजर ठेवायची. घरात आठ दिवस त्याचीच चर्चा चालली होती. एका सकाळी भाकरी थापता थापता मी म्हणाले, "मी जाऊ का?"

मामंजी न्याहारीला बसले होते. ते ताटावरून मान वर न करता म्हणाले, "बाईमानसानं गावोगाव मशीनमागं हिंडायचं? आपल्यात न्हाई असं."

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. ह्यो एकटा गेला तर जेवायचं सुदिक इसरंल. मागल्या साली आला तवा नुसता सापळा आल्ता."

"लोक काय म्हनत्याल?"

"लोकांचा गहू मळून झाला की लोक गप बसत्यात."

मामंजींनी पुढं नाही म्हटलं नाही. पण हो असंही म्हणाले नाहीत. निघायच्या दिवशी ते सकाळीच विहिरीवर गेले आणि आम्ही रस्त्याला लागेपर्यंत परतलेच नाहीत. सासूबाईंनी एका डब्यात पीठ, एकात लसणाची चटणी बांधून दिली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ट्रॅक्टरलाही लावलं.

मी मडगार्डवर बसायचे. पाठीमागं मशीन, मशीनवर आमची वळकटी, एक ट्रंक, स्टोव्ह आणि डिझेलचा डबा. ट्रॅक्टरचा वेग असा, की सायकलवाले आम्हाला मागं टाकून जायचे आणि जाताना वळून बघायचे. पहिल्या दिवशी मला त्या बघण्याचा संकोच वाटला, दुसऱ्या दिवशी सवय झाली, आणि तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्याकडं बघायला लागले.

आमच्याकडं पाहुणे आले की त्यांना भंडारदऱ्याला न्यायची पद्धत आहे. डोंगर, पाणी, धुकं. तिकडून आलं की ते म्हणतात, तुमच्या बाजूला मात्र बघण्यासारखं काही नाही हो, सगळं सपाट. मी वाद घालत नाही. पण मडगार्डवर महिनाभर बसून मी सपाट मुलूख पाहिला आहे. निम्मी ज्वारी काढून झालेली असायची, धसकटं उन्हात पांढरी पडलेली. मध्येच विहिरीच्या पाण्यावरचा गव्हाचा पिवळा तुकडा. काळ्या रानात भेगा, भेगांच्या कडेनं करडईची काटेरी झुडपं. एखादं निंबाचं झाड मोहरलेलं, आणि त्याच्या सावलीत बैल. आणि यावर केवढं तरी आभाळ. डोंगरात वळणापलीकडं काय आहे ते कळत नाही. आमच्याकडं दुपारी पोचायचं गाव सकाळीच दिसायला लागतं, आणि तिथल्या माणसांनाही तुम्ही सकाळपासून दिसत असता. येणारा लपत नाही. हा मुलूख मला म्हणून आवडतो.

मशीन सुरू झालं की कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही. त्यामुळं आमची हातांची भाषा तयार झाली. मूठ वर केली की थांब. बोटं फिरवली की पेंढी उलटी आहे. ओंजळ दाखवली की पोतं भरत आलं. हे आम्ही कधी बसून ठरवलं नाही, कामात आपोआप झालं. ज्या माणसाशी वर्षभरात शंभर वाक्यं बोलले नव्हते त्याच्याशी मी दिवसभर हातांनी बोलत होते, आणि संध्याकाळी इंजिन बंद झालं की तोंडानं बोलायलाही अवघड जात नसे. मशीननं ह्यांचे कान घेतले. आता जवळ बसून सांगितलं तरी निम्मं ऐकू जात नाही. पण मी स्वयंपाकघराच्या दारातून ओंजळ दाखवली की ह्यांना कळतं, चहा झालाय.

त्या दिवसांत खाण्याची ददात नव्हती. ज्याचं खळं त्याच्या घरून जेवण येई. नव्या गव्हाची खीर, कैरीची चटणी, ताकातली कढी, कुठं गुळवणी. बायका जेवण घेऊन येत ते मशीन बघायला आणि त्याहून जास्त मला बघायला. "ह्या मशीनवाल्या बाई," अशी माझी ओळख करून देत. एकीनं विचारलं, "भ्या वाटत न्हाई व्हय?" मी म्हटलं, "मशीनचं की लोकांचं?" ती हसली. मला खरंच दोन्हींचं भय वाटत नव्हतं. काष्टा घट्ट कसायचा, पदर कमरेला खोचायचा, हात पट्ट्यापासून लांब ठेवायचा. एवढं पाळलं की झालं.

एक गोष्ट मात्र सोपी गेली नाही. कुकाण्याच्या अलीकडच्या एका खळ्यावर आम्ही पोचलो तेव्हा काही बाया सुपं घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. दरवर्षी या दिवसांत त्यांना उफणणीचं काम मिळायचं आणि मजुरी म्हणून गहू मिळायचा. ह्यांनी पट्टा चढवला, मशीन सुरू झालं. एका बाजूनं भुसाचा लोट आणि खालून स्वच्छ गहू. बाया बघत राहिल्या. मशीन थांबल्यावर त्यांच्यातली चंद्रभागा नावाची एक थोराड बाई माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बाई, वाऱ्याची वाट बघायचं काम आमचं हुतं. आता आमी कशाची वाट बघायची?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती. मी ह्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "गंजीपासून मशीनपर्यंत पेंढ्या आणायचं काम यांना द्या."

"बायांना मशीनजवळ नको. लुगडं पट्ट्यात गेलं म्हंजे?"

"माझं गेलं का?"

ह्यांनी मालकाशी बोलून काही बायांना कामाला लावलं, आणि पुढच्या सगळ्या खळ्यांवर आम्ही ती रीत ठेवली. पण सगळ्यांना काम मिळालं नाही. उरलेल्या बाया सुपं काखेत मारून बांधाबांधानं परत गेल्या. सपाट रानात त्या खूप लांबपर्यंत दिसत होत्या. मशीन आणलं ते चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. तरी त्या दिसायच्या थांबल्या नाहीत, हेही तितकंच खरं.

शेवगावच्या बाजूला एक मोठे बागायतदार होते. त्यांना बापूसाहेब म्हणू. त्यांचा गहू एवढा, की ते एक खळं मिळालं तर हंगाम पार पडला असं ह्यांचं म्हणणं. चार दिवस आधी हे उसन्या सायकलवरून जाऊन त्यांना भेटून आले होते. गहू कापून गंजी रचलेली आहे, वर ताडपत्री टाकलेली आहे, शनिवारी दिवस मावळायच्या आत मशीन घेऊन येतो म्हणून शब्द दिलाय, असं परतल्यावर ह्यांनी मला सांगितलं. बोलताना ह्यांचा चेहरा उजळला होता.

शनिवारी दुपारी आम्ही त्याच वाटेला होतो. ट्रॅक्टर तापला म्हणून पाण्यासाठी एका विहिरीपाशी थांबलो. ते रान शमुवेल मास्तरांचं. मिशनच्या शाळेत उभा जन्म शिकवून ते नुकतेच घरी बसले होते. बायको रूथबाई, आणि एवढंसं रान. मास्तरांनी "सलाम" म्हणून हात उचलला, विहीर दाखवली, रूथबाईंनी ताक आणून दिलं. खळ्यात त्यांचा सगळा गहू उघडा पसरलेला होता. मळणी सुरू केली आणि एक बैल लंगडायला लागला, म्हणून काम तसंच पडलं होतं. मास्तरांनी एकदा आमच्या मशीनकडं पाहिलं, पण मागितलं काही नाही. एवढ्याशा गव्हासाठी कोणी मशीन थांबवत नाही हे त्यांना माहीत होतं.

पश्चिमेला आभाळ भरत होतं. सपाट मुलखात ढग उगवतो तो झाडाच्या शेंड्यावरून नाही, जमिनीतूनच वर येतो. निळीची बाटली सांडावी तशी एक पट्टी कडेनं पसरत होती. रूथबाई तिकडं बघून म्हणाल्या, "वळीव येतोय वाटतं. दोन दिस आधी आला असता तर गहू उभा तरी हुता."

मी विहिरीवर ह्यांच्याजवळ गेले. "अहो, यांचं आधी काढू."

"बापूसाहेबांना आजचं सांगितलंय."

"त्यांचा गहू झाकलेला आहे. यांचा उघडा आहे."

"माझा शब्द गेलाय तिथं."

"मग मी जाते आणि सांगते त्यांना. तुम्ही पट्टा चढवा."

हे माझ्याकडं बघत राहिले. "चालत?"

"समोर तर दिसतंय गाव."

ह्यांनी बादली विहिरीच्या काठावर ठेवली आणि मशीनकडं गेले. पट्टा चढवण्याचा आवाज कानावर पडला तेव्हा मी बांधावर होते.

गाव समोर दिसत होतं, पण जवळ येत नव्हतं. वडाची झाडं, देवळाचा कळस, एक पत्र्याचं चकाकतं छप्पर, आणि मधे नुसती काळी ढेकळं. वारा पडला होता. धसकटं पायाला टोचत होती. एक टिटवी माझ्याबरोबर ओरडत थोडं अंतर आली आणि मागं वळली. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. शेवटी ठरवलं, जे आहे ते सांगायचं. माझी बाजू खरी होती. खऱ्याला फार जुळवाजुळव लागत नाही, असं मला त्या वयात वाटायचं.

बापूसाहेब ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. आजूबाजूला पाचसात माणसं. मी पायरीशी उभी राहिले आणि कोण, कुठून आले ते सांगितलं.

"रंगनाथ कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मशीनवर आहेत. वाटेत शमुवेल मास्तरांचा गहू खळ्यात उघडा पडलाय आणि आभाळ आलंय. तेवढा काढून उद्या सकाळी तुमच्याकडं येतो, हे सांगायला आले."

"आन माजा गहू?"

"तुमचा गंजीत आहे, वर ताडपत्री आहे. त्याला एक रात्र काही होत नाही."

"हे तू मला सांगतीस?"

"विचारायला आले. न विचारता उशीर करणं बरं दिसलं नसतं."

त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली. माझं म्हणणं त्यांना पटत आलं होतं, असं मला आजही वाटतं. ते म्हणाले, "हे सांगायला तुज्या मालकाला यायला काय झालं?"

"ते आले असते तर मशीन कोणी चालवलं असतं?"

मी साधेपणानं बोलले होते. पण बसलेल्यांपैकी कोणीतरी हसलं, आणि ते हसणं नडलं. बापूसाहेबांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "उद्याबी येऊ नका म्हनावं. शेवगावला दुसरं मशीन हाय."

मी नमस्कार केला. आतून एका बाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला, तो प्यायले आणि निघाले.

परतताना वारा सुटला. पाचोळा आणि माती अंगावर येत होती, पदर डोक्यावर राहत नव्हता. लांबून मला भुसाचा लोट दिसत होता, म्हणजे मशीन चालू होतं. शेजारच्या वस्त्यांवरची माणसं पेंढ्या द्यायला आली होती. रूथबाई पोत्याचं तोंड धरून बसल्या होत्या. हे वर उभे राहून पेंढ्या सारत होते, भुसानं पांढरे झालेले. मला पाहून ह्यांनी तळहात उलटा केला. काय झालं? मी हात आडवा हलवला. नाही.

हे हातातली पेंढी तशीच धरून थोडा वेळ उभे राहिले. मग ती मशीनच्या तोंडात सारली आणि पुढच्या पेंढीसाठी हात पसरला. पट्टा उतरवून, मशीन ट्रॅक्टरला जोडून, अजूनही बापूसाहेबांच्या दारी जाऊन उभं राहता आलं असतं. हे गेले नाहीत. त्या क्षणी ह्यांच्याविषयी मला जे वाटलं ते मी ह्यांना कधी सांगितलेलं नाही. आता ऐकू येत नाही म्हणून लिहिते.

शेवटची पोती आत टाकताना पावसाचे मोठे थेंब सुरू झाले. मास्तरांच्या घराला लागून प्रार्थनेची एक पत्र्याची खोली होती, तिच्यातच सगळा गहू रचला. मग असा पाऊस आला की पत्र्यावर मशीनपेक्षा मोठा आवाज. थोड्या गाराही पडल्या. खळ्यातलं भूस भिजून वाहून गेलं, पण गहू कोरडा राहिला. मास्तर दाराशी उभे राहून पाऊस बघत होते.  मग त्यांनी आपली लोकरीची धाबळी आणून ह्यांच्या खांद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आदल्या रविवारचा सण. आसपासच्या वस्त्यांवरची मंडळी हातात शिंदीच्या झावळ्या घेऊन आली आणि खोलीत बघतात तर सगळीकडं पोती. मास्तर म्हणाले, "बसा, गव्हावरच बसा." लोक पोत्यांवर बसले आणि पेटीच्या सुरावर भजनं म्हणाले. मी बायकांत बसले होते. हे सगळ्यात मागं, दाराजवळच्या पोत्यावर, टोपी हातात घेऊन. ओल्या मातीचा, शिंदीच्या हिरव्या पानांचा आणि गव्हाचा वास एकत्र भरला होता.

हे माझ्याशी बोलत नव्हते. रागावलेला माणूस घरात असला तर दुसऱ्या खोलीत जाता येतं. ट्रॅक्टरवर कुठं जाणार? सोमवारी आम्ही निघालो तरी मी मडगार्डवर, हे पुढं बघत. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "शब्द माझा हुता."

"होय," मी म्हटलं. "पण गहू त्यांचा होता."

"आता ते मला कदी बोलवायचे न्हाईत."

"नाही बोलवायचे."

तेही खरं झालं. बापूसाहेबांची गंजी कडेकडेनं भिजली, उन्हात वाळली, दोन दिवसांत शेवगावचं मशीन आलं आणि त्यांचा गहू नीट घरात गेला. त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे मी म्हणाले ते बरोबर निघालं, आणि त्यांनी आम्हाला पुन्हा कधी दारी येऊ दिलं नाही. हे आजही म्हणतात, शब्द मोडला. मी म्हणते, मोडला नाही, पुढं ढकलला. पन्नासहून जास्त वर्षं झाली, दोघांपैकी एकानंही माघार घेतलेली नाही आणि घेण्याचं कारणही मला दिसत नाही.

पण त्या रविवारी पोत्यांवर बसलेल्या माणसांनी आमची वाट बदलली. कोणाच्या भावाचा गहू पडून होता, कोणाच्या मामाचा, मास्तरांच्या साडूचा तिसगावकडं. सगळी लहान लहान रानं, जिथं मशीन कोणी नेत नसे. आम्ही शेवगावची वाट सोडली आणि दक्षिणेकडं वळलो. एका खळ्यावरचा माणूस पुढच्या खळ्याचा पत्ता सांगायचा. मग ख्रिस्ती काय, मराठा काय, वंजारी काय, ज्याची विहीर चालती आणि गहू थोडा तो आमची वाट बघत असायचा. मोठ्या खळ्यावर मुकादम असतो. लहान खळ्यावर अख्खं घर कामाला असतं, म्हातारी भूस लोटते, सून पोतं धरते, आणि शेवटचं पोतं शिवून झालं की सगळे एकदम बसतात. आम्हीही त्यांच्यात बसायचो. जमीन हलकी होत गेली, काळीची करडी झाली, लांबवर डोंगरांची रेघ दिसायला लागली, आणि अशाच एका घरी मास्तरांच्या साडूंनी आम्हाला तिसगावच्या बाजारातली जिलेबी खाऊ घातली. त्या हंगामात आम्ही मोठं खळं एकही केलं नाही, आणि हंगाम चांगला गेला.

तिसगावला ह्यांचे डोळे आले. महिनाभर भूस खाल्लेले डोळे ते, एका सकाळी लालभडक होऊन चिकटून बसले. उजेड सहन होईना. मी गुलाबपाण्याचा फडका बांधून दिला. दोन दिवस थांबलो, पण उतार पडेना आणि गावी जायची ओढ लागलेली. तिसऱ्या सकाळी हे म्हणाले, "तू घे."

मोकळ्या रानात ह्यांनी मला चार-दोन वेळा ट्रॅक्टर चालवायला दिला होता. रस्त्यावर कधी नाही, आणि मागं मशीन जोडून तर नाहीच. मी सीटवर बसले, हे मडगार्डवर, माझ्या जागी. डोळ्यांवर फडका.

"तिसरा गिअर टाक," हे म्हणाले.

"टाकलाय."

"न्हाई पडला. आवाज ऐक."

पडला नव्हता. मी परत टाकला. बघायचं काम माझं आणि ऐकायचं ह्यांचं, असे आम्ही मिरीवरून घोडेगावच्या रस्त्याला लागलो. स्टीअरिंग जड होतं, दंड भरून आले. पण रस्ता सरळ होता, समोर सगळं उघडं होतं, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी गाणं गुणगुणतेय. इंजिनाच्या आवाजात ते मलाही ऐकू येत नव्हतं.

घोडेगावात नेमका बाजार निघाला. रस्त्यावर बैल, शेळ्या, माणसं. मी वेग कमी केला. कोणीतरी ओरडलं, "आरं, बाई चालवतीय." माणसं वाट सोडून बाजूला झाली ती बघण्यासाठीच.

"कोन बघतंय?" ह्यांनी फडक्याआडून विचारलं.

"सगळेच."

"मग हॉर्न वाजव."

मी वाजवला.

वस्ती दिसायला लागली तेव्हा ऊन कलत होतं. आमच्या रानात ट्रॅक्टरची धूळ फार लांबून दिसते, म्हणजे घरातल्यांना सीटवर कोण आहे ते बघायला भरपूर वेळ मिळाला असणार. फाटकात मामंजी उभे होते. एका हातात काठी, डोक्याला मुंडासं.  मी ब्रेकवर पाय ठेवला, उतरून पाया पडावं म्हणून. त्यांनी काठी उचलून नको म्हणून सांगितलं आणि फाटक पूर्ण उघडून बाजूला झाले. ह्यांच्या फडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"डाव्या अंगाला गोठ्याचा खांब हाय," ते म्हणाले. "मागं मशीन लांब हाय तुजं. मोटा वळसा घे."

मी मोठा वळसा घेतला.